टांगणीला

मक्वला म्हणतात मला. एकतीस वर्षं
रोप-वेचा खटका या हाताखाली होता.
खाणीच्या वस्तीपासून खाली क्विरिला नदीपर्यंत
साडेचार मिनिटं, मध्ये नुसती हवा.
बंद पडला तेव्हा चावी मागायला कुणी आलंच नाही.
म्हणून सिनेमावाले माझ्या दारी आले.

गोष्ट तीच, शाळेत सगळ्यांनी वाचलेली.
दोन घरं, जुनं वैर, दोन पोरं,
शेवटी विष की चाकू, एवढाच काय तो फरक.
फक्त यात कुणी बोलत नाही.
"सगळं अंगानं सांगायचं," दिग्दर्शिका लिका म्हणाली,
बूट मँगनीजच्या धुळीनं काळे,
हातातली खाचापुरी कधीची गार.

आमच्याकडे बाई नाचते तेव्हा पाय दिसत नाहीत.
घोळदार झग्याखाली ती सरकते,
वंगण घातलेल्या तारेवरून पाळणा सरकावा तशी.
पुरुष गुडघ्यांवर आपटतात, बोटांच्या टोकांवर उठतात,
पण तिच्या बाहीला त्यांचा वारा लागायचा नाही.

तेक्लेनं पहिल्याच दिवशी झगा कमरेला खोचला
आणि टाच आपटली.
पत्र्याचं स्टेशन असं दणाणलं
की छपरातली कबुतरं पार नदीपलीकडे गेली.
माझी जाऊ नोना छातीवर क्रूस काढत म्हणाली, "शोभतं का हे!"
दुसऱ्या दिवशी तासभर आधी येऊन
तिनं पुढची खुर्ची धरली.

मग पाळण्यातलं दृश्य.
लांबीला अडीच पावलं, रुंदीला दीड.
आत तेक्ले आणि गेगा. शिवायचं नाही,
शिवलं की दृश्य संपलं.
त्याचा खांदा पुढे येई, तिची कंबर तेवढीच मागे जाई,
काचेवर दोघांचा श्वास मात्र
कधीच एक होऊन बसलेला.
"पाळणा हलवा!" लिका ओरडली.
मी दोर ओढला, हलकेच,
मार्चमधला वारा ओढायचा तेवढाच.

मधल्या सुट्टीत तिनं विचारलं,
"इथं कुणी मेलं होतं का, प्रेमापायी?"

मी सांगितलं, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली
आणि पाळणा मधोमध अडकला.
आत वरच्या वस्तीतली लामारा, खालच्या गल्लीतला जानसुग.
दोन्ही घरांत एका डुकरावरून कोर्टकचेरी.
पाच तास. बर्फ. खाली दोन्ही काठांवर दोन्ही घरं,
जीव टांगणीला लागलेला,
आणि तरी एकमेकांना शिव्या देणं चालूच.
वीज आली. पोरं उतरली, एकमेकांकडे न बघता.
पण त्याच्या उजव्या हातात मोजा नव्हता.
तिच्या होता. एकच. ढगळ.

"मग?"
"मग काय, लग्न केलं. वर्षाच्या आत घरचा पाळणा हलला.
आता गॅसच्या बिलावरून भांडतात."
लिकानं मान हलवली. वहीत काही लिहिलं नाही.

तेक्लेचं मरण शेवटच्या दिवशी. सतरा टेक.
दर वेळी ती तारेच्या चाकाखाली कोसळे, गुडघ्यांतून, मग पाठीतून,
आणि आम्ही पंचवीस बाया काळे रुमाल बांधून रडायच्या.
रोजचे चाळीस लारी.
मला काही केल्या रडू येईना.
सतराव्या वेळी "कट" झालं तरी पोर उठली नाही.
सगळे धावले. ती घोरत होती.
गेगानं स्वतःचं गुडघ्याचं पॅड सोडून
तिच्या डोक्याखाली सरकवलं
आणि बाजूला बसून बूट झटकू लागला.
तेव्हा आलं मला रडू. कॅमेरा केव्हाच झाकलेला.

लामारा माझ्याच रांगेत होती,
दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत.
तिनं विचारलं, "पाळणा पुन्हा सुरू करतील का गं?"
"छे. उद्या जनरेटर घेऊन जातील."
ती तारेकडे बघत राहिली.
"मग बरं झालं बाई, तेव्हाच अडकला."
आणि टरफलं हातमोज्यात भरून
ती जिना उतरू लागली.
खाली जानसुग शिट्ट्या मारत होता, उशीर झाला म्हणून.